वेष ओळखीचा

‘कॉसप्ले’ला मराठी प्रतिशब्द शोधू लागलो की ‘वेषांतर’ आणि ‘सोंग’ हे दोन शब्द चटकन हाताशी येतात. दोन्ही अपुरे पडतात. वेषांतर करणाऱ्याला आपण ओळखू येऊ नये असे वाटते आणि सोंगाला थोडा लबाडीचा वास असतो. कॉसप्लेची सगळी खटपट मात्र समोरच्याने ते पात्र पाहताक्षणी ओळखावे, यासाठी असते.

हा शब्द जपानी घडणीचा. ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ यांचा हा संक्षेप १९८३ साली नोबुयुकी ताकाहाशी यांनी एका मासिकातील लेखात रूढ केला, असे मानतात. प्रथा त्याहून जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल जोन्स भविष्यकाळातले पोशाख घालून आले होते. ते पोशाख जोन्सबाईंनी तयार केले होते. जपानमध्ये ही हौस फोफावली ती ‘कॉमिके’सारख्या मेळाव्यांतून. डिसेंबर १९७५ मध्ये तोक्योत सुमारे ७०० जणांनिशी सुरू झालेल्या या मेळाव्याला पुढे लाखोंची गर्दी होऊ लागली.

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मुंबईतल्या अशा एका मेळाव्याला मी प्रथमच वेष करून गेले. तरुणपणाचे सोंग आणायचे नव्हते, म्हणून सोफी निवडली. हायाओ मियाझाकी यांच्या २००४ सालच्या ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’मधली ही अठरा वर्षांची टोप्या करणारी मुलगी एका चेटकिणीच्या शापाने नव्वदीची म्हातारी होते. केसांना विग लागणार नव्हता. जुन्या निळ्या सुती साडीचा लांब झगा शिवला, शाल घेतली आणि काठी घरात होतीच.

शिवताना कळले की हा वाचनाचाच एक प्रकार आहे. चित्रातल्या कापडाला वजन नसते. रेघ म्हणून दिसणारी चूण प्रत्यक्षात कुठून धरायची, हे शिवणारीला ठरवावे लागते. चित्रपट थांबवून थांबवून पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शापित सोफीचे वय स्थिर नाही. झोपेत किंवा मनापासून बोलताना ती तरुण दिसते आणि स्वतःला कमी लेखले की पुन्हा म्हातारी होते. मग मी कोणत्या क्षणाची सोफी व्हायचे? पाठ किती वाकवायची? समीक्षक जे परिच्छेदात लिहितो, ते इथे कण्याने सांगावे लागते.

आपला बहुरूपीही पोलिसाच्या वेषात दारी येतो, पण तो अनोळखी घरांपुढे उभा राहतो आणि त्यावर त्याचे पोट असते. कॉसप्ले करणारा पदरचे पैसे घालून आपल्यासारख्याच रसिकांत जातो. त्यामुळे तिथले नियमही बरोबरीच्या नात्याचे असतात. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, अंगाला किंवा वेषाला हात लावायचा नाही. ‘कॉमिके’त तर घरून वेष करून येण्यासही मनाई आहे, तो तिथल्या खोलीतच बदलायचा.

या विचारण्याचे मोल मला त्या दिवशी उमगले. साठीपुढच्या बाईकडे लोक सहसा बसमध्ये जागा देण्यापुरते पाहतात. इथे सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी थबकली. “सोफी ना? फोटो काढू?” मी हो म्हटले. मग तिने विचारले, “केस खरे आहेत?” “खरेच.” “माझा विग बसवायला आठवडा गेला,” ती हेव्याने म्हणाली. माझ्या पांढऱ्या केसांचा हेवा प्रथमच कोणी करत होते.

शेवटी सोफीचा शाप सुटतो, चेहरा तरुण होतो, पण केस रुपेरीच राहतात. मियाझाकींनी ते काळे केले नाहीत, ही मला या चित्रपटातली सर्वांत समजूतदार गोष्ट वाटते. प्रतिशब्द हवाच असेल तर मी ‘रूप घेणे’ म्हणेन. घेतलेल्या रूपात आपले जे मुळातले आहे, तेही कोणाला तरी दिसू शकते.