फुलीचे व्रत

कर्णकर्कश संगीत म्हणजे उच्छृंखलपणा, ही समजूत अमेरिकेच्या राजधानीतील ‘हार्डकोअर पंक’ने खोटी ठरविली. वॉशिंग्टनच्या ‘बॅड ब्रेन्स’ या कृष्णवर्णीय वादकांच्या वृंदाने या संगीतास विलक्षण वेग दिला. पुष्कळशी गाणी मिनिट-दीड मिनिटांतच आटपत. परंतु जेथे मद्य विकले जाई, तेथे अल्पवयीन श्रोत्यांस बहुधा मज्जाव असे. १९८० साली ‘टीन आयडल्स’ वृंदातील मुलांनी सॅन फ्रान्सिस्कोहून एक तोड आणली : ज्याच्या हातावर काळी फुली असेल त्यास मद्य देऊ नये, गाणे मात्र ऐकू द्यावे. त्यांच्यापैकीच इयन मॅके पुढे ‘मायनर थ्रेट’मधून गाऊ लागला; १९८१ च्या ‘स्ट्रेट एज’ गीतात त्याने नशेला स्वेच्छेने नकार दिला. मग सज्ञान तरुणही फुली मिरवू लागले. बंदीची खूण ती व्रताची खूण झाली!