घड्याळाचा ताळा

जर्मनीत भिंतीवरची काही घड्याळं आपली वेळ आपणच लावून घेतात. त्यांना वेळ सांगतो रेडिओ. फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून ‘डीसीएफ ७७’ हे केंद्र ७७.५ किलोहर्ट्झवर रात्रंदिवस वेळ पाठवतं. संदेश साधारण २००० किलोमीटर जातो. आपल्या गावी येत नाही, पण त्यातली युक्ती आपल्या ओळखीची आहे.

तिथले हौशी लोक फेराइटच्या कांडीवर तार गुंडाळून अँटेना करतात, त्याला छोटा रिसीव्हर जोडतात. दर सेकंदाला लहर क्षणभर मंद होते. ०.१ सेकंद मंद झाली तर ‘०’, ०.२ सेकंद झाली तर ‘१’. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला ती मंद होतच नाही. त्यावरून नवं मिनिट ओळखायचं.

मिनिटं वाचायला तराजूची वजनं आठवा : १, २, ४, ८, १०, २०, ४०. याच क्रमानं आकडे येतात. ‘१’ आला तर वजन पारड्यात टाकायचं, ‘०’ आला तर सोडायचं. १, २, ४, १०, २० पडली, तर झाली ३७ मिनिटं.

मागोमाग तपासणीचा आकडा येतो. तो धरून ‘१’ सम संख्येत भरले पाहिजेत. इथे पाच आहेत, म्हणून तपासणीला ‘१’ येतो. विषम भरले तर संदेश टाकून द्यायचा. जवळच्या टीव्ही-चार्जरमुळे अशी गडबड होते. अँटेना दूर न्यायचा.

पण दोन चुका एकदम झाल्या, तर हा ताळाही फसतो. म्हणून पुढचं मिनिटही वाचायचं. ३८ आलं, तरच घड्याळ लावायचं. बचत गटाच्या वहीत बेरीज जुळली, तरी आपण पेटीतली रोकड मोजतोच ना? तसंच हे!