रीलमधला ‘परदेशात इंग्रजी शिकवा’वाला जॉब खरा आहे, पण तो आपल्या पासपोर्टवर मिळतो का?

समुद्रकिनारा, मांडीवर लॅपटॉप, हातात शहाळं. आणि खाली मजकूर : ‘फक्त 120 तासांचा ऑनलाइन कोर्स करा, परदेशात कंपन्यांच्या साहेबांना बिझनेस इंग्लिश शिकवा, फिरा आणि कमवा.’ इन्स्टावर सध्या अशा रील्सचा पाऊस पडतोय.

आता समजा, हा रील शिरूर तालुक्यातल्या निमोणे गावच्या एखाद्या पोराने बघितला. इंग्रजी घेऊन बी.ए. झालाय, बी.एड. केलंय, शिक्षक भरतीची वाट बघत तालुक्याला क्लास घेतोय. त्याने कोर्सची फी भरावी का?

थोडक्यात उत्तर असं आहे की जॉब खरा आहे. पण तो कुणाला मिळणार हे बहुतेक देशांत इंग्रजी किती चांगलं आहे यावर ठरत नाही, आधी पासपोर्ट बघितला जातो. रीलमध्ये नेमकं हेच सांगत नाहीत.

आधी हे काम काय असतं ते बघू. बिझनेस इंग्लिश म्हणजे व्याकरणाचा तास नाही. समोर बसलेला माणूस चाळिशीचा असतो, फॅक्टरी चालवतो, धंदा शिक्षकापेक्षा जास्त जाणतो. त्याला उद्या सकाळी ग्राहकाला सांगायचं असतं की माल दहा दिवस उशिरा येईल, पण ऑर्डर रद्द करू नका. तास ऑफिस सुरू व्हायच्या आधी किंवा सुटल्यावर, बऱ्याचदा कंपनीच्याच मीटिंग रूममध्ये. शिक्षक पहिल्या दिवशी पुस्तक उघडत नाही, विचारतो : तुम्ही इंग्रजीत कुणाशी बोलता, कशासाठी बोलता, आणि कुठे अडता? पुढचा सगळा अभ्यासक्रम या उत्तरांवर उभा राहतो.

या धंद्याचा मोठा बाजार जपान. टोइक नावाची इंग्रजीची परीक्षा जपानी मागणीवरूनच तयार झाली आणि 1979 मध्ये पहिल्यांदा तिथेच घेतली गेली. 10 ते 990 गुण. अनेक जपानी कंपन्या भरतीला आणि बढतीला हे गुण बघतात. राकुतेन या कंपनीने तर 2010 मध्ये जाहीर केलं की ऑफिसची भाषा इंग्रजी करणार, आणि 2012 पासून ते पूर्णपणे लागू केलं. टोकियोतल्या माणसाने टोकियोतल्याच माणसाला इंग्रजीत मेल लिहायचा. अशा वेळी शिक्षकांना काम मिळणारच की.

मग आपल्या पोराला का नाही?

दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. तिथे भाषा शिक्षकांसाठी ‘ई-2’ नावाचा व्हिसा आहे. इंग्रजी शिकवण्यासाठी तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. भारतासाठी एक खिडकी उघडली ती सेपा या व्यापार करारामुळे, जो 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला. त्यानुसार इंग्रजी शिक्षकाची पात्रता असलेला भारतीय पदवीधर कोरियातल्या प्राथमिक-माध्यमिक शाळांत काम करू शकतो. म्हणजे आपल्या पोराचं बी.एड. इथे उपयोगी पडतं, रीलवाला कोर्स नाही. पण खिडकी शाळांपुरतीच आहे. खासगी क्लास आणि कंपन्यांमधले तास, म्हणजे बिझनेस इंग्लिशचं खरं काम, त्यात बसत नाही.

चीनमध्येही साधारण असाच हिशेब : परदेशी माणसाने आपली मातृभाषा शिकवावी, आणि इंग्रजी ही भारतीयाची मातृभाषा धरली जात नाही.

जपानचं गणित मात्र जरा वेगळं आहे. तिथे कंपनीत इंजिनिअर म्हणून काम करणारा परदेशी माणूस आणि खासगी संस्थेत भाषा शिकवणारा परदेशी माणूस, दोघेही व्हिसाच्या एकाच वर्गात मोडतात. विद्यार्थी म्हणून गेलेल्यांना परवानगी काढून आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येतं. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, मराठी घरंही आहेत. म्हणजे कायद्याने दार बंद नाही. अडतं ते जाहिरातीत. ‘नेटिव्ह स्पीकर हवा’ एवढं लिहिलं की संपलं.

गंमत बघा. टोइकच्या ऐकण्याच्या भागात अमेरिकी, ब्रिटिश, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन उच्चार असतात, भारतीय नसतात. आणि त्याच परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या जपानी मॅनेजरला रोजच्या कॉलवर भेटतो तो पुण्याचा नाहीतर बंगळुरूचा इंजिनिअर! भाषातज्ज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांच्या अंदाजानुसार मातृभाषा म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या एका माणसामागे ती नंतर शिकलेली तिघं आहेत. म्हणजे धंद्यातलं बरंचसं इंग्रजी दोन ‘नॉन-नेटिव्ह’ माणसांमध्येच बोललं जातं. मूळ भाषिकच चांगला शिक्षक असतो हा समज चुकीचा आहे, असं रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992 मध्येच मांडलं होतं. 2006 मध्ये टेसोल या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही या भेदभावाविरुद्ध भूमिका घेतली. व्हिसाचे नियम मात्र संघटनांच्या ठरावांनी बदलत नाहीत.

राहिला तो 120 तासांचा कोर्स. या आकड्याला वजन आलं ते केंब्रिजच्या सेल्टासारख्या कोर्समुळे. सेल्टाही साधारण 120 तासांचाच, पण त्यात परीक्षकासमोर खऱ्या विद्यार्थ्यांना 6 तास शिकवून दाखवावं लागतं. स्वस्तातल्या ऑनलाइन कोर्सने 120 हा आकडा तेवढा उचललाय, वर्गात उभं राहायचा भाग गाळलाय. फी भरण्याआधी एवढंच विचारा : यात मी माणसांना शिकवणार आहे का?

फी गेली तर काही हजार जातील. खरा धोका पुढे आहे. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिट तिथे करून देऊ’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. सप्टेंबर 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता : थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग’ची नोकरी सांगून भारतीय तरुणांना बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारला नेलं जातंय आणि डांबून ठेवलं जातंय. मार्च 2025 मध्ये अशा पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. हे इंग्रजी शिकवायला गेलेले नव्हते, पण जाळं टाकायची पद्धत तीच असते : इंग्रजी येणारा पदवीधर, परदेशी पगार आणि घाई.

परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला भारतात 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर नोंदणी असलेल्यांची यादी आहे. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. कुणी दोन लाख मागत असेल तर बापाने कांद्याची पट्टी मोडण्याआधी ही यादी बघा.

आता शेवटचा मुद्दा, जो कुठल्याच रीलमध्ये येत नाही. परदेशी साहेबांना शिकवायला परदेशातच जावं लागतं असं कुणी सांगितलं? त्याच शिरूर तालुक्यात रांजणगाव एमआयडीसी आहे. कोरियाची एलजी, चीनची हायर, बेल्जियमची बेकार्ट, सगळ्या तिथे आहेत. कोरियाहून आलेल्या मॅनेजरसाठी भारत हाच परदेश. त्याला अमेरिकी उच्चार शिकून काय करायचंय? त्याला शिफ्टच्या सुपरवायझरचं इंग्रजी कळायला हवं.

साधी गोष्ट आकड्यांची. आपण लाख-कोटीत मोजतो. कोरियन माणूस ‘मान’ म्हणजे दहा हजार आणि ‘ओक’ म्हणजे दहा कोटी यांच्या पटीत मोजतो. दोघांच्या मध्ये इंग्रजीचं मिलियन. आपण म्हणतो 25 लाख, त्याच्या डोक्यात ते 250 मान, आणि कागदावर लिहायचं 2.5 मिलियन. एक शून्य इकडचं तिकडं झालं की ऑर्डर चुकली. तसंच ‘हो’चं. कोरियन ‘ने’ बऱ्याचदा नुसतं ‘ऐकतोय’ असं सांगतं. आपला ‘येस सर’ही कित्येकदा तेवढाच असतो, आणि वर मान दोन्ही बाजूंना हलते. साहेबाला वाटतं काम होणार, सुपरवायझरला वाटतं नुसतं विचारलंय.

हे लंडनहून आलेल्या शिक्षकाला शिकवता येणार नाही. शिरूरच्या पोराला येईल, फक्त त्यासाठी मीटिंग, मेल, फोन आणि आकडे यांचे बारा-पंधरा तास नीट बांधून कंपनीच्या एचआरकडे जावं लागेल. या कामाला कुणाचा व्हिसा लागत नाही.