सहाशे घोडे आणि निसरडा रस्ता

लंडनच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर, थेम्सच्या काठी मेडनहेड वसलेलं आहे. अभियंता ब्रुनेलने बांधलेल्या इथल्या विटांच्या पुलावरून १८३९ पासून आगगाड्या धावतात. भर पावसात हा पूल ओलांडणारी आगगाडी चित्रकार टर्नरने १८४४ मध्ये रंगवली आणि ते चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पाऊस आणि वेग यांची गाठ या गावात तेव्हापासून पडलेली आहे. आज गावाला लागूनच एम४ महामार्ग जातो. स्लाउपासून रेडिंगपर्यंतच्या या पट्ट्यात माहिती-तंत्रज्ञान कंपन्या दाटीने आहेत, आणि त्यांच्यामागोमाग पुण्या-मुंबईहून आलेली मराठी कुटुंबंही इथे स्थिरावली आहेत.

नोव्हेंबरात दुपारी चार-साडेचारलाच अंधारून येतं आणि सकाळी गाडीची काच खरवडावी लागते. अशा वेळी घरात एक विषय हमखास निघतो: आता मोठी एसयूव्ही घ्यावी. उंच, जड, चारही चाकांना ताकद देणारी आणि जमलं तर दणकट इंजिनाची, म्हणजे मुलांना शाळेत सोडताना हिवाळ्याची धास्ती नको. ही इच्छा अगदी रास्त आहे. पण त्या गाडीच्या किमतीतला मोठा हिस्सा ज्या गोष्टीसाठी मोजला जातो, ती गोष्ट निसरड्या रस्त्यावर जवळजवळ निरुपयोगी ठरते. हे मत नाही, शाळेतल्या भौतिकशास्त्राचं गणित आहे. ते एकदा करूनच पाहू.

रेंज रोव्हर स्पोर्टच्या एसव्ही या आवृत्तीचं इंजिन सहाशेहून जास्त अश्वशक्ती देतं आणि गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरचा वेग चार सेकंदांच्या आत गाठते. आकडा खरा आहे, पण तो कोरड्या डांबरावरचा. इंजिनाची ताकद कितीही असली तरी ती रस्त्याला पोहोचते टायरच्या घर्षणातून. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षण गुणांक साधारण ०.८ असतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि गोठलेल्या पाण्याच्या गुळगुळीत थरावर ०.१ किंवा त्याहूनही खाली. अडीच टन वजनाची गाडी घ्या. ०.२ गुणांकाला तिची चारही चाकं मिळून रस्त्याला जास्तीत जास्त ४,९०० न्यूटन एवढाच रेटा देऊ शकतात. ताशी ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर वेगाला एवढा रेटा द्यायला लागते फक्त ८८ अश्वशक्ती. गोठलेल्या थरावर ४४ पुरते. बाकीचे पाचशेवर घोडे त्या क्षणी चाक जागच्या जागी फिरवण्याखेरीज काहीच करू शकत नाहीत, म्हणून गाडीतला संगणक त्यांना आवरून धरतो.

०.२ गुणांकाच्या त्या दाबलेल्या बर्फावर ही गाडी शून्यापासून ताशी ६० मैलांपर्यंत पोहोचायला १३ सेकंदांहून जास्त घेईल. चारही चाकांनी चालणारी एखादी छोटी, स्वस्त गाडीही साधारण तेवढाच वेळ घेईल, कारण समीकरणातून वजन कटून जातं. जड गाडीला जास्त पकड मिळते, पण तिला ढकलायलाही तेवढाच जास्त जोर लागतो.

वेग घेण्यात फोर-व्हील ड्राइव्हचा फायदा खरा आहे. चढावर, बर्फातून बाहेर पडताना दोन चाकांऐवजी चार चाकं रेटा देतात आणि गाडी निघते. धोका सुरू होतो तो यानंतर. ब्रेक आजच्या प्रत्येक मोटारीला चारही चाकांना असतात. थांबण्याच्या बाबतीत महागडी एसयूव्ही आणि शेजाऱ्याची साधी हॅचबॅक एकाच पातळीवर उभ्या असतात. ब्रिटनच्या 'हायवे कोड' या अधिकृत वाहतूक पुस्तिकेत ताशी ३० मैलांना ब्रेक लावल्यानंतरचं अंतर १४ मीटर दिलेलं आहे, आणि बर्फावर थांबायला दसपट अंतर लागू शकतं असा इशाराही आहे. घर्षणाच्या वरच्याच गणिताने ०.२ गुणांकाला हे अंतर ४६ मीटर येतं आणि ०.१ ला ९२ मीटर. फोर-व्हील ड्राइव्हची गाडी निसरड्यावर इतकी सहज निघते की रस्ता निसरडा आहे हेच चालकाला कळत नाही. ते कळतं पहिला ब्रेक दाबल्यावर, आणि तोवर वेग वाढलेला असतो. अडीच टनांच्या गाडीत त्या वेगाला एका लहान गाडीच्या दुपटीहून जास्त गतिज ऊर्जा साठलेली असते. ती समोरच्या गाडीवर, भिंतीवर किंवा माणसावर रिकामी होते.

मग फरक पडतो कशाने? रबराने. या लेखातला सर्वांत मोलाचा भाग माझ्या मते हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

अडीच टनांची गाडी रस्त्याला टेकते ती चार छोट्या ठशांवर. टायरमधली हवा साधारण अडीच बार दाबाची धरली तर एका टायरचा ठसा येतो २५० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे २८ सेंटिमीटर रुंद आणि ९ सेंटिमीटर लांब. टायर रुंद घेतला तर ठशाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. सगळा खेळ त्या चार ठशांतल्या रबराच्या मऊपणाचा. डांबरातल्या खडीचे बारीक उंचवटे रबरात रुततात, रबर त्यांच्याभोवती वाकतं, परत सरळ होतं आणि या वाकण्यात जी ऊर्जा खर्च होते तीच आपली पकड. थंडीत रबर थिजलेल्या तुपासारखं कडक होतं आणि खडीत रुतायचं थांबतं.

प्रत्येक रबराला एक काच-संक्रमण तापमान असतं. त्याखाली ते काचेसारखं कडक होतं. टायरच्या रबरासाठी हे तापमान शून्याच्या बरंच खाली असतं. मग मेडनहेडच्या ४-५ अंशांत काय बिघडतं? याचं उत्तर वेगात आहे. धावत्या टायरला रस्त्यावरची खडी सेकंदाला हजारो वेळा आणि तिच्या अंगावरचे बारीक कंगोरे त्याहूनही कित्येक पट जास्त वेळा धक्के देतात. धक्का जितका जलद, तितका रबराच्या रेणूंना हलायला कमी वेळ मिळतो आणि तितकं ते जास्त कडक वागतं. हळू दाबलं तर मऊ लागणारं रबर जलद धक्क्याला कडक उत्तर देतं. म्हणून उन्हाळी टायरची पकड सात अंशांच्या आसपास घसरायला लागते, असं टायर-उद्योग सांगतो. सात हा काही लक्ष्मणरेषा असलेला आकडा नाही. घसरण हळूहळू होते आणि टायरनुसार बदलते. पण जानेवारीत मेडनहेडच्या परिसरात दिवसाचं कमाल तापमान सरासरी आठ अंशांच्या जवळपास असतं आणि रात्री ते दोन-तीनवर येतं. म्हणजे सकाळी शाळेची आणि कामाची वेळ बहुतेक दिवस सातच्या खालचीच.

हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाइन यांसारखे, फार कमी तापमानालाही लवचिक राहणारे घटक जास्त असतात. जोडीला सिलिका असते आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यात केसासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरतात. फिनलंडच्या नोकिया गावातल्या कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर काढला. याउलट उच्च क्षमतेच्या एसयूव्ही कारखान्यातून बऱ्याचदा २२-२३ इंची चाकांवर आणि रुंद, बुटक्या, उन्हाळी टायरवर येतात. वेगवान वळणांसाठी बनवलेलं हे रबर थंडीत सर्वांत आधी हार मानतं. थंड सकाळी गाडी घरासमोरून बाहेर काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की असे टायर रस्त्यावर उड्या मारल्यासारखे सरकतात. बिघाड समजून माणसं गाडी दुरुस्तीला नेतात, पण कडक झालेलं रबर हेच त्याचं कारण असतं.

दाबलेल्या बर्फावर चांगला हिवाळी टायर घर्षण गुणांक ०.३ पर्यंत नेतो. ३० मैलांना थांबायचं अंतर ४६ वरून ३० मीटरवर येतं. वाचलेल्या त्या पंधरा मीटरांत तीन मोटारी एकामागे एक उभ्या राहतील. इंजिन कितीही मोठं घेतलं तरी हे अंतर एका सेंटिमीटरनेही कमी होत नाही.

इंग्लंडचा हिवाळा सौम्य, फिनलंडचा कडक, मग इथे एवढी काळजी कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण बर्फ शून्याच्या जवळ असताना सर्वांत निसरडा असतो. मायकेल फॅरडेने १८५० मध्येच लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मांडलं होतं, की बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या खालीही पाण्यासारखा पातळ थर असतो. शून्याच्या जवळ हा थर जाड होतो, त्यात घर्षणाच्या उष्णतेने वितळलेलं पाणी मिसळतं आणि रबर त्यावर तरंगतं. उणे वीसच्या कोरड्या, कठीण बर्फावर टायरला यापेक्षा बरीच चांगली पकड मिळते. थेम्सच्या खोऱ्यातला हिवाळा शून्याच्या आगेमागेच घुटमळतो.

त्यात इथे भर पडते नदीच्या दमटपणाची. निरभ्र रात्री रस्ता आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि हवेपेक्षा थंड होतो. गाडीच्या पडद्यावर दिसणारं तापमान हवेचं असतं. हवा दोन-तीन अंशांवर असताना खालचं डांबर शून्याखाली गेलेलं असू शकतं आणि त्यावरचं दंव पारदर्शक थर होऊन गोठतं. त्यालाच इथे काळा बर्फ म्हणतात. काळा दिसतो तो खालच्या डांबरामुळे. पूल सर्वांत आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून थंडी मिळते.

नगरपालिकेच्या गाड्या रात्री मुख्य रस्त्यांवर खडेमीठ पसरतात. चेशायरमधल्या विन्सफर्डची १८४४ मध्ये सुरू झालेली खाण हे तपकिरी मीठ पुरवते. पण मीठ कामाला येतं ते गाड्यांच्या चाकांखाली चुरडून पाण्यात विरघळलं तर. रविवारी पहाटे रस्ता रिकामा असेल तर त्याचा गुण कमी येतो. घरासमोरच्या गल्ल्यांवर तर बहुधा ते पडतच नाही. सगळ्यात निसरडे असतात ते घरापासूनचे पहिले काही शे मीटर.

तरीही मेडनहेडच्या हिवाळ्यात खरा मुक्काम पाण्याचा. जानेवारी २०१० किंवा डिसेंबर २०१० सारखे बर्फाचे दिवस लक्षात राहतात, पण ते क्वचितच येतात. पूर मात्र पुन्हा पुन्हा येतो. मेडनहेडला वाचवण्यासाठी २००२ मध्ये ज्युबिली नदी नावाचा ११ किलोमीटरहून लांब कृत्रिम प्रवाह सुरू झाला, आणि २०१४ च्या सुरुवातीला थेम्सने खालच्या अंगाची डॅचेट, रेझबरी ही गावं पाण्यात घातली. महामार्गावर साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांवर अभ्यासला. तो मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो. ३६ पीएसआय दाबाला हा वेग येतो ताशी ६२ मैल. एम४ वरची मर्यादा ७० मैलांची आहे. टायरची नक्षी खोल असेल तर पाणी वाट काढतं, झिजलेली असेल तर नाही. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो, पण हिवाळ्यात ३ मिलिमीटरला टायर बदलावा हे मला योग्य वाटतं.

एबीएस आणि ईएससी ही संगणकीय मदत आता साध्या गाडीतही असते. चाक अडकू न देणं, गाडी भरकटू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावणं ही कामं ती चोख करते. पण रस्त्यावर जेवढं घर्षण आहे तेवढंच ती वाटून देऊ शकते. मोठ्या गाडीतले खरे हिवाळी गुण साधे आहेत: तारांनी तापणारी पुढची काच, उंचावरून मिळणारी नजर, खड्ड्यांवरून जाणारी उंची. उलट आठ सिलिंडरचं इंजिन दोन-तीन मैलांच्या फेरीत नीट तापतही नाही. तेलात पाणी आणि इंधन साचत राहतं, आणि धूर शुद्ध करणारं उपकरण पुरेसं गरम होण्याआधीच शाळा येते.

हा विषय केवळ परदेशातल्यांचा नाही. जग्वार लँड रोव्हर २००८ पासून टाटा समूहाची आहे. १९७० पासून इंग्लंडमधल्या सॉलिहलला बनणारी मूळ रेंज रोव्हर २०२४ मध्ये आपल्या पुण्यातही जुळवली जाऊ लागली. अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाल्यापासून महाराष्ट्रातून स्वतःची एसयूव्ही घेऊन ऐन हिवाळ्यात मनालीपलीकडे जाणारेही वाढले आहेत. पुण्यातल्या रस्त्यांसाठी घेतलेल्या टायरवर लाहौलच्या उतारावर उतरणं म्हणजे वर केलेलं सगळं गणित स्वतःच्या अंगावर घेणं.

तेव्हा गाडी आवडत असेल, परवडत असेल तर जरूर घ्या. मात्र शोरूममध्ये सगळ्यात मोठी चाकं निवडू नका, एक-दोन इंच लहान घ्या. त्यांवर हिवाळी किंवा निदान बारमाही टायर चढवा आणि टायरच्या कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेलं चिन्ह आहे ना, ते स्वतः वाकून पाहा. ते चिन्ह बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळतं. ब्रिटनमध्ये हिवाळी टायरची कायदेशीर सक्ती नाही, जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर ती आहे. सक्ती नाही म्हणून थांबू नका. जुनी, छोटी गाडीच पुढे चालवायची असेल तर तिच्यासाठीही चार चांगले टायर याच आठवड्यात घ्या.