उजेडावर बांधलेली घरं

जपानच्या दक्षिणेला ओकिनावा प्रांतातल्या ताकेतोमी आणि इरिओमोते बेटांवर पर्यटक ओणवे होऊन तळहात वाळूवर दाबतात. हाताला चिकटून आलेल्या कणांत पाच-सहा टोकांचे चिमुकले तारे असतात. आकाशातल्या ताऱ्यांची पिल्लं इथल्या समुद्रात जन्मली, समुद्रसर्पाने ती मारली आणि त्यांची हाडं किनाऱ्याला लागली, अशी तिथली लोककथा आहे. विज्ञानाला कथेतली हाडं मान्य आहेत, फक्त ती ताऱ्यांची नाहीत. ही कवचं आहेत बॅक्युलोजिप्सिना स्फेरुलाटा नावाच्या फोरामिनिफेराची, म्हणजे एकाच पेशीच्या जीवाची. जिवंतपणी तो प्रवाळखडकाच्या माथ्यावर, ओहोटीला जेमतेम पाण्याखाली राहणाऱ्या शेवाळाच्या गालिच्यात काट्यांनी अडकून बसलेला असतो. लाटांचा मारा जिथे सर्वात जास्त, तिथेच याची वस्ती, कारण ऊनही तिथेच सर्वात जास्त.

एका पेशीच्या जीवाला उन्हाचं काय? बहुतेक फोरामिनिफेरांना काहीच नाही. ते गाळात, अंधारात, जीवाणू आणि कुजका कचरा खाऊन जगतात आणि आकाराने वाळूच्या बारीक कणाएवढे राहतात. मात्र प्रवाळ समुद्रांतल्या मोजक्या घराण्यांनी शेवाळाचे भाडेकरू आत घेतले आणि ती मोठी झाली. सायक्लोक्लायपियसचं पातळ चकतीसारखं कवच दहा सेंटिमीटरच्याही पुढे जातं. शेवाळ प्रकाशापासून साखर बनवून यजमानाला देतं, कवचाचा चुना साठण्यालाही मदत करतं आणि बदल्यात यजमानाच्या मलमूत्रातलं नत्र वापरतं. प्रवाळांचं जमतं तेच हे गणित. पण प्रवाळांचा सगळा भर डायनोफ्लॅजेलेट या एकाच गटावर असतो, तर फोरामिनिफेरांनी निरनिराळ्या घराण्यांत निरनिराळं शेवाळ निवडलं. सोरायटिस आणि मार्जिनोपोरा यांच्याकडे डायनोफ्लॅजेलेट, कॅरिबियनमधल्या आर्काइआसमध्ये हिरवं शेवाळ, जांभळट दिसणाऱ्या पेनेरोप्लिसमध्ये लाल शेवाळ आणि अँफिस्टेजिना, हेटेरोस्टेजिना, सायक्लोक्लायपियस व आपला तारा यांच्यात डायाटम.

डायाटमची गोष्ट मला यात सर्वात विलक्षण वाटते. डायाटम ओळखायचा तो त्याच्या सिलिकाच्या नक्षीदार डबीवरून. यजमानाच्या पोटात शिरला की तो ती डबी बनवणंच सोडतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात नुसते सोनेरी-तपकिरी ठिपके. अमेरिकेतले जॉन ली यांनी हे ठिपके बाहेर काढून प्रयोगशाळेत वाढवले, तेव्हा त्यांनी पुन्हा डब्या बांधल्या आणि कोण कोण आत राहतं ते कळलं. एकाच जातीच्या यजमानात वेगवेगळे डायाटम निघाले, आणि तेही महासागरात क्वचितच दिसणारे, आकाराने लहान. म्हणजे इथे पिढीजात जोडीदार नाहीत, जमेल त्याला जागा आहे.

किती अवलंबून राहायचं याचंही प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. जर्मनीत रुडॉल्फ रॉटगर यांनी हेटेरोस्टेजिना डिप्रेसा वेगळं खाद्य न देता, केवळ प्रकाशावर वाढवून दाखवली. आर्काइआसचं मात्र खाल्ल्याशिवाय भागत नाही.

शेवाळ आत घेतलं की घर त्याच्या सोयीने बांधावं लागतं. अँफिस्टेजिनाच्या कवचाला आतल्या बाजूने खळगे असतात आणि डायाटम नेमके त्या खळग्यांत, उजेडाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ बसतात. खरी गंमत खोलीबरोबर सुरू होते. पामेला हॅलॉक यांनी हवाई आणि पलाऊच्या पाण्यात दाखवलं, की उथळ पाण्यातली अँफिस्टेजिना लोबिफेरा गुबगुबीत आणि जाड भिंतीची असते. खाली उतरत जावं तशा पुढच्या जाती चपट्या, पातळ भिंतीच्या होतात. एकाच जातीतही हा उतार दिसतो. वर ऊन अति आणि लाटा जोरदार, म्हणून जाड भिंत. खाली उजेडाची टंचाई, म्हणून पृष्ठभाग वाढवायचा आणि भिंत काचेसारखी पातळ करायची. शंभर मीटरच्या आसपास उरतो तो निळसर अंधुक प्रकाश. तो टिपणारी रंगद्रव्यं डायाटमकडे आहेत, म्हणून तिथे सायक्लोक्लायपियस पसरून बसतो. हिरवं शेवाळ पाळणारे एवढ्या खाली जात नाहीत. लाल शेवाळ स्वतः खोल पाण्यात जगू शकतं, तरी ते पाळणारा पेनेरोप्लिस बहुधा वरच राहतो. केवळ शेवाळाच्या रंगावरून पत्ता काढायला गेलं तर फसगत होते.

खोलीप्रमाणे कवच चपटं होण्याचा हा नियम भूशास्त्रज्ञांच्या फार उपयोगाचा. कच्छमध्ये लखपतच्या आसपास सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक नुम्युलाइट्स या नाण्यांसारख्या मोठ्या फोरामिनिफेरांच्या जीवाश्मांनी भरलेला आहे. गिझाच्या पिरॅमिडांच्या दगडातही त्यांचेच भाऊबंद आहेत. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोच्या काळी लोक त्यांना मजुरांच्या जेवणातली दगड झालेली मसूर समजत. मुंबई हायचं तेल १९७४ साली सापडलं. त्याचा मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे आणि त्या काळच्या थरांचं वय ठरवायला लेपिडोसायक्लिना, मायोजिप्सिना हे असेच मोठे फोरामिनिफेरा वापरतात. कवच जाड की चपटं, यावरून तिथे तेव्हा पाणी किती खोल होतं याचाही अंदाज बांधता येतो.

आजच्या समुद्राची प्रकृतीही हे जीव सांगतात. भाडेकरूंची ही सोय निर्मळ, पोषकद्रव्यं कमी असलेल्या पाण्यातच परवडते. सांडपाणी, खतं येऊ लागली की शेवाळ न पाळणारे छोटे फोरामिनिफेरा वरचढ होतात. यावर हॅलॉक आणि सहकाऱ्यांनी २००३ साली एक निर्देशांक मांडला. वाळूच्या नमुन्यात शेवाळ पाळणाऱ्यांचं प्रमाण दहाने गुणायचं, इतर छोट्यांचं दोनने, घाण सोसणाऱ्यांचं एकाने, आणि बेरीज करायची. चारच्या वर उत्तर आलं तर पाणी प्रवाळांना मानवणारं, दोनच्या खाली आलं तर आशा सोडावी. एवढ्या कमी खर्चात इतकं सांगणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही. १९९१ साली फ्लोरिडा कीजमधल्या अँफिस्टेजिनाचे सोनेरी रंग उडू लागले, तेव्हा लक्षात आलं की प्रवाळ मुख्यतः उष्णतेने पांढरे पडतात, तर यांचा त्रास उन्हाच्या तीव्रतेशी जास्त जोडलेला आहे.

सगळेच मात्र बिचारे नाहीत. सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रात शिरलेली अँफिस्टेजिना लोबिफेरा तिथे पूर्वेकडून पश्चिमेकडे पसरते आहे. काही किनाऱ्यांवर वाळूच तिच्या कवचांची होत चालली आहे आणि स्थानिक जाती मागे हटत आहेत.

या कवचांना कमी लेखू नये. मार्टिन लँगर आणि सहकाऱ्यांच्या १९९७ सालच्या अंदाजानुसार प्रवाळ प्रदेशातले फोरामिनिफेरा वर्षाला किमान ४.३ कोटी टन चुना तयार करतात. तुवालूच्या फुनाफुटीसारख्या कंकणद्वीपांवर किनाऱ्याच्या वाळूचा मोठा हिस्सा त्यांचाच. समुद्र चढत असताना अशा बेटांना उभं राहायला वाळू लागते आणि ती पुरवणारे जीव खडकाच्या माथ्यावरच्या स्वच्छ पाण्यावर अवलंबून आहेत. तिथे गटार सोडलं तर वाळूचा पुरवठा आटतो. समुद्र अडवायला भिंती बांधण्याच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच ऐकू येतो.

आपल्या लक्षद्वीपच्या वाळूतही अँफिस्टेजिना सापडते. तिकडे जाणार असाल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग बरोबर ठेवा. चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन मधोमध किंचित फुगलेल्या, चकचकीत चकत्या शोधा, आणि पाहून झाल्यावर ती वाळू जिथली तिथे टाका.