गोव्याची सीमा : कॅसल रॉकपलीकडे परदेश होता तेव्हा

बंगळूरच्या आग्नेय भागातील सर्जापूर रोड परिसरातून रात्री मोटारीने निघालेला प्रवासी हुबळीमार्गे अनमोड घाट उतरून सकाळपर्यंत गोव्यात पोहोचू शकतो. वाटेत त्याला पारपत्र दाखवावे लागत नाही की सामानाची यादी द्यावी लागत नाही. मात्र १९६१ पर्यंत याच घाटमाथ्यापलीकडे दुसऱ्या देशाची हद्द होती आणि ती ओलांडण्यासाठी दोन देशांच्या अधिकाऱ्यांचे समाधान करावे लागत असे.

सीमेवरील तपासणीचे दोन भाग असतात. पहिला भाग व्यक्तीचा : ती कोण आहे आणि तिला प्रवेशाची परवानगी आहे काय, हे पाहिले जाते. दुसरा भाग वस्तूंचा : कोणत्या मालावर जकात आकारायची आणि कोणता माल निषिद्ध, हे ठरविले जाते. गोव्याच्या सीमेवर प्रदीर्घ काळ दुसऱ्या भागालाच महत्त्व होते.

जकातीचा करार

ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात डिसेंबर १८७८ मध्ये एक करार झाला. ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज प्रदेश यांच्यातील जकातीची भिंत त्यामुळे दूर झाली. मोबदल्यात गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि पोर्तुगीज सरकारला दरवर्षी ४ लाख रुपये मिळू लागले. मुरगाव बंदरापासून घाटावर जाणारा लोहमार्ग हेही याच कराराचे फलित होय. १८९२ मध्ये कराराची मुदत संपली, त्याचे नूतनीकरण झाले नाही आणि जकात नाके पुन्हा उभे राहिले.

लोहमार्ग मात्र कायम राहिला. घाटावरील कॅसल रॉक हे ब्रिटिश हद्दीतील, तर पायथ्याचे कुळे हे पोर्तुगीज हद्दीतील तपासणीचे स्थानक ठरले. जकात कचेरीला पोर्तुगीज भाषेत ‘आल्फांदेगा’ म्हणत. एकाच प्रवासात सामान दोनदा उघडून दाखविणे हा या मार्गाचा नेहमीचा अनुभव होता.

नाकेबंदीची वर्षे

भारत स्वतंत्र झाल्यानंतर सीमेचे स्वरूप बदलले. गोव्याच्या प्रश्नावर पोर्तुगाल चर्चेस तयार नसल्याने भारताने १९५३ मध्ये लिस्बनमधील आपला दूतावास बंद केला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात प्रवेश करणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि त्यात वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर रेल्वे वाहतूक थांबली आणि आर्थिक नाकेबंदी कठोर झाली.

या नाकेबंदीचा ताण सामान्य कुटुंबांनी सोसला. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांना घरी पैसे पाठविणे अवघड झाले. सावंतवाडी आणि पेडणे यांच्यातील सोयरिकी जुन्या होत्या, पण माहेरी जाण्यासाठीही परवाना आवश्यक ठरला. मंगेशी किंवा शांतादुर्गा हे ज्यांचे कुलदैवत, अशा महाराष्ट्र व कर्नाटकातील कुटुंबांना देवदर्शन हा परदेश प्रवास झाला.

पोर्तुगीज प्रशासनाने माल समुद्रमार्गे आणण्यास प्रारंभ केला. नेदरलँड्समधून बटाटे, पाकिस्तानातून तांदूळ, सिलोनहून चहा आणि जपानमधून सिमेंट येऊ लागले. भारतात आयातीवर कडक निर्बंध असताना गोव्यात परदेशी वस्तू सहज मिळत. परिणामी सोने आणि घड्याळे यांची चोरटी वाहतूक वाढली. दोन शेजारी प्रदेशांतील दरांत मोठी तफावत असेल, तर नाके कितीही वाढविले तरी चोरवाटा निर्माण होतात, हे येथे दिसून आले.

हेग येथील निर्णय

सीमा ओलांडण्याचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंतही पोहोचला. दमणहून दादरा व नगर हवेलीकडे भारतीय प्रदेशातून जाण्याचा हक्क पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये मागितला. १२ एप्रिल १९६० रोजी निर्णय झाला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यापुरता असा हक्क १९५४ मध्ये पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे यांना तो नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केलेला नाही, असेही स्पष्ट केले. वाट देणारा देश त्या वाटेवर नियंत्रण ठेवू शकतो, हे तत्त्व यातून अधोरेखित झाले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ही आंतरराष्ट्रीय सीमा इतिहासजमा झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकर नाकेही हटले. तरीही गोव्यातून परतणारी वाहने अनेकदा थांबविली जातात, ती मद्याच्या तपासणीसाठी. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे आणि त्यावरील कर प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरविते. दरांतील तफावत उरली आहे, म्हणून नाकाही उरला आहे.