घड्याळ कोणाचे, तारीख कोणती?

केळवे रोडहून पहाटेची गाडी धरून बोईसरला कामास जाणाऱ्या मंडळींत आमचे आयुष्य गेले. शास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही. पण हजेरीचे घड्याळ चुकले की पगार कसा चुकतो, हे पाहिले आहे.

हे भांडण जुनेच. पूर्वी मुंबईचे घड्याळ ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटे पुढे असे. 1 जानेवारी 1906 रोजी साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली. काटे 39 मिनिटे पुढे सरले, सूर्य मात्र जागीच राहिला. भोंगा तितका लवकर होऊ लागला, तेव्हा त्याच महिन्यात गिरणीकामगारांनी काम बंद केले.

आज आपण यंत्रावर बोट टेकवतो. संगणक बहुधा तो क्षण ग्रीनिचच्या हिशेबाने नोंदतो. त्यात गैर काही नाही. जगभरच्या नोंदी एका मापात येतात. घोटाळा होतो तो नोंद वाचताना. एका कारखान्यात आम्ही पाहिले: कामगार 1 तारखेस पहाटे 5 वाजता आत गेला. ग्रीनिचला तेव्हा आदल्या रात्रीचे साडेअकरा. पत्रकाने तीच तारीख उचलली. आत गेल्याची नोंद सरल्या महिन्यात, बाहेर पडल्याची चालू महिन्यात. जोडी जमेना आणि राबलेला माणूस गैरहजर ठरला! आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत ग्रीनिचची तारीख बदलत नाही, एवढेच कोणी ध्यानी घेतले नव्हते.

दुसरा घोटाळा लिहिण्याचा. 03/04 म्हणजे आपला 3 एप्रिल, अमेरिकेचा 4 मार्च. 13 तारीख आली की यंत्र अडते, कारण तेरावा महिना नाही. त्याआधीची चूक मुकाट पुढे जाते. म्हणून 1988 च्या आंतरराष्ट्रीय मानकाने वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठरविला: 2026-04-03. अशा तारखा नुसत्या अंकांच्या क्रमाने लावल्या तरी कालक्रम बिघडत नाही.

तेव्हा क्षण ग्रीनिचवेळेत साठवावा, सोबत ठिकाण लिहावे, आणि दिवस मोजताना त्या ठिकाणची वेळ लावावी. नुसता 'अधिक साडेपाच' पुरत नाही. महायुद्धात, 1942 ते 1945, हिंदुस्थानची घड्याळे आणखी तासभर पुढे होती. जन्मतारखेला मात्र हा हिशेब लावू नये. ती तारीखच असते, क्षण नव्हे.

पत्रक हाती आले की विचारा: ही वेळ कुठली? हा प्रश्न विचारण्यास इंजिनियर असावे लागत नाही. घाम गाळलेला तास आपल्या नावावर पडला की नाही, हे पाहण्याचा तो हक्क आहे.